पिन टाकी व्हती का?

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरणगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, आमच्या ट्रकचं मागचं टायर बदलताना बघत उभा होतो. फोन त्याच्या पुतण्याचा होता. "काका, आबा गेले," एवढंच म्हणाला. ड्रायव्हर विचारत होता, जॅक कुठे लावू, आणि मी त्याला काहीतरी सांगितलंही... काय ते आता आठवत नाही. खरं सांगतो, आधी बरं वाटलं. सुटला बिचारा, असं मनात आलं आणि लगेच त्या विचाराचाच राग आला. सुटला कुठे? जे कळावं म्हणून त्याचा जीव इतकी वर्षं टांगणीला लागला होता, ते न कळताच गेला. त्याला सुटणं म्हणत नाहीत.

धुळ्यात पारोळा रोडला त्याचं गॅरेज. काम एकच, ट्रकचं स्टिअरिंग आणि खालचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या. इंजिनाला हात लावायचा नाही. "ते डॉक्टर लोकांचं काम, मी हाडवैद्य," म्हणायचा. मी अमळनेरचा, दोन गाड्यांचा मालक, पण आमची ओळख मी स्वतः ड्रायव्हर होतो तेव्हाची. आबा गोड माणूस होता असं आता सगळे म्हणतात. मेल्यावर सगळेच गोड होतात. आबा भांडखोर होता, तोंडानं फटकळ होता आणि स्वतःच्या हुशारीचा त्याला चांगलाच माज होता. भांडण दुसऱ्याचं असलं तरी हातातला पाना ठेवून बघायला जायचा, आणि बघता बघता स्वतःच भांडायला लागायचा. मला तो तसाच आवडायचा.

उलटलेल्या गाड्या त्याच्याकडे लांबून लांबून यायच्या. क्रेनवाला गाडी सोडून गेला की आबा हात मागे बांधून तिच्याभोवती फिरायचा. कशालाही हात लावायचा नाही, दुसऱ्या कोणाला लावू द्यायचा नाही. उलटलेल्या गाडीत मोडतोड दोन तऱ्हेची असते, असं तो सांगायचा. एक, जिच्यामुळे गाडी उलटली ती. दुसरी, गाडी उलटल्यामुळे झाली ती. बघणाऱ्याला दोन्ही सारखीच वाकडी दिसतात. मग तो बॅटरी घेऊन खाली झोपायचा. मोडलेल्या रॉडचं तोंड चकचकीत असेल तर तो पडताना मोडला. अर्धं काळं, अर्धं चकचकीत असेल तर तडा जुना. एक्सल पाट्यावरून सरकला असेल तर जुन्या जागेवर मळाची रेघ राहते, आणि त्या रेघेवर धूळ किती बसली यावरून तो कधी सरकला ते कळतं. "माणसाले विचारू नका, तो खोटं बोलस," म्हणायचा. "आधी धूळ देखा."

म्हणूनच गाडी धुण्यावरून त्याचं लोकांशी सारखं वाजायचं. आमच्याकडे रीतच आहे. ज्या गाडीनं माणूस खाल्ला ती धुतल्याशिवाय, लिंबू उतरवल्याशिवाय दारात आणायची नाही. लोक बादल्या घेऊनच गॅरेजात यायचे. साक्रीकडचे एक नाना, जावई गेलेला, डोळे पुसत गाडीवर पाणी ओतायला निघाले, तर आबानं त्यांच्या हातातली बादली धरली. "नाना, आधी देखू द्या, मंग धोवा. धुई टाकलं तर मी काय देखू?" नाना म्हणाले, "तुमच्या घरचं माणूस गेलं असतं तर कळलं असतं." आबानं बादली सोडली नाही. संध्याकाळी मला म्हणाला, रडणाऱ्या माणसाला अक्कल नसते, आपण ठेवावी लागते. हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

योगेश, त्याचा एकुलता एक मुलगा, स्वतःची गाडी चालवायचा. बापासारखा भांडखोर अजिबात नव्हता, आईवर गेलेला, हसतमुख. एका सकाळी गाडी घेऊन आला. म्हणाला, "आबा, स्टिअरिंग ढिलं लागस. आज कापसाच्या गठाणी भरून सुरतेला जायचंय." आबा खाली झोपला. स्टिअरिंगचा रॉड चाकाजवळ जिथे जोडलेला असतो तो जॉइंट झिजला होता. त्यानं नवा टाकला, वरून नट आवळला. आता त्या नटातून आणि बोल्टातून आरपार एक पिन जाते. स्प्लिट पिन. काडीएवढी. टाकायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवून द्यायचे, म्हणजे हादऱ्यांनी नट ढिला होत नाही. एवढंच तिचं काम. नट आवळून झाला आणि बाहेर रस्त्यावर दोन रिक्षावाल्यांची जुंपली. आबा उठून गेला. परत आला, हात धुतले, चहा झाला, योगेश निघाला. पिन त्यानं भांडणाआधी टाकली, नंतर टाकली, की टाकलीच नाही... हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

साक्रीच्या पुढच्या घाटात उतारावर गाडी उलटली. योगेश जागीच गेला. पुढे-मागे कोणी नव्हतं, बघणारं कोणी नाही. चालकाचा डोळा लागला असावा, असं ठरलं. कोणी म्हणालं, प्यायला असेल. योगेश सुपारीही खात नव्हता, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

माती देऊन आम्ही परतलो तर गाडी गॅरेजसमोर आणून टाकलेली. दर्शनी काच नव्हती, केबिनमध्ये... जाऊ दे. आबा तिच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला. मला वाटलं, आता हात मागे बांधून फिरेल. तो खाली बसला आणि कामगारांना म्हणाला, "मना पोर्‍यानं रगत शे ते. बठ्ठं धुई टाका." पोराचं रक्त आहे, सगळं धुवा, हे आबाच्या तोंडून त्यांना खरं वाटेना. "धुई टाका म्हणतो ना," तो ओरडला. मग त्यांनी पाण्यानं धुतली, डिझेलचा फवारा मारून खालून धुतली, तारेच्या ब्रशनं घासली, कॉम्प्रेसरची हवा मारून सुकवली. आबानं शिकवलेलंच काम, पोरांनी मन लावून केलं. वहिनींनी, योगेशच्या आईनं, लिंबू उतरवलं. मी तिथेच होतो. त्या दिवशी त्याला अडवायची छाती कोणाची होती?

तेराव्यानंतर तो गाडीखाली शिरला. बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी वाकून पाहिलं. तो जॉइंट सुटलेला होता, नट गायब होता. पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही. क्रेनवाल्यानं साखळी नेमकी त्याच रॉडला अडकवून गाडी ओढली होती, तेव्हाही सुटला असेल. राहिलं ते बोल्टातलं पिनेचं भोक. पिन असती आणि ओढाताणीत तुटली असती, तर तिचा तुकडा भोकात अडकून राहिला असता. पिन टाकलीच नसती, तर भोक ग्रीस आणि धुळीनं बुजलेलं असतं. तुकडा किंवा धूळ, दोन्हीपैकी एक काहीतरी तिथे असणारच होतं. आबानं भोकाला बॅटरी लावली. पलीकडून स्वच्छ उजेड आला.

त्यानंतर गॅरेज चाललं, पण आबा चालला नाही. भांडायचा नाही. रस्त्यावर आरडाओरडा झाला की आत निघून जायचा. दुसऱ्याच्या गाडीला पिन टाकली की पाना ठेवून कामगाराला बोलावायचा, "देख, टाकी ना?" आणि दोनदा होकार ऐकल्याशिवाय उठायचा नाही. योगेशची गाडी भंगारात गेली, तो रॉड मात्र जॉइंटसकट कापून त्यानं कामाच्या टेबलावरच्या भिंतीत खिळ्याला टांगला. मी गेलो की चहा व्हायचा आणि कप ठेवता ठेवता प्रश्न ठरलेला. "वसंता, मी पिन टाकी व्हती का? तुले काय वाटस?" मी सांगायचो, टाकली असणार, जन्मात कधी विसरला नाहीस, त्याच दिवशी कसा विसरशील? तो मान हलवायचा. "म्हणजे मना पोर्‍या झोपना व्हता." पोरगा चुकला म्हणावं की बाप चुकला म्हणावं? तिसरं उत्तर नव्हतंच. निदान दोनातलं एक तरी कळू दे, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते त्यानंच धुऊन टाकलं होतं.

कावीळ झाली ती अंगावर काढली. दवाखान्यात भेटलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे. पलंगाचा कठडा मुठीत धरून त्याला हलके हलके हिसके देत होता, डावीकडे, उजवीकडे. स्टिअरिंग ढिलं आहे का बघताना द्यायचा तसे. मी हात धरला, तर सोडवून घेतला आणि परत तेच.

परवा वहिनींनी बोलावलं म्हणून गॅरेजात गेलो. जागा खाली करायची आहे, हत्यारं कोणाला द्यायची ते विचारायचं होतं. पाने, जॅक, सुतळीचं बंडल, सगळं जागच्या जागी. रॉड खिळ्यालाच. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात न्यायला गाडी आली, तर म्हणे आधी गॅरेजकडे घ्या. उभं राहवत नव्हतं, तरी आत गेले. काय केलं कोण जाणे, हात काळे करून आले."

मी रॉड खाली काढला. त्या भोकात नवी कोरी स्प्लिट पिन होती. दोन्ही पाय व्यवस्थित वाकवलेले, आबाच्या हातचे, एकसारखे. वहिनींनी विचारलं, काय आहे ते. मी म्हटलं, पिन आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही की पिन नटाला धरून ठेवते... आणि इथे नटच नाही. रॉड परत खिळ्याला लावला.