सरांच्या नखाखालचं कोबाल्ट

आमच्या सरांनी उजव्या करंगळीचं नख वाढवलं होतं, आणि कोल्हापुरातल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थी त्या नखाला फार भ्यायचो. एखाद्याचं मोजमाप पटलं नाही की सर त्याची काच उचलत, वरच्या धातूच्या थरावर उभा ओरखडा काढत आणि म्हणत, "माझ्या नखाला टिकत न्हाय, ते परीक्षकाला काय टिकणार?" केसाहून हजारो पटींनी पातळ थर तो, नखाला टिकेल कसा? पण हे बोलायची कुणाची टाप नव्हती.

माझा पहिला आलेख पाहून ते म्हणाले होते, "ह्यापरास म्हशीच्या शेपटीला पेन बांधलं असतं, तर बरी रेघ आली असती." हेच सर, बिद्रीला माझे वडील आजारी पडले तेव्हा भर पावसात मला स्कूटरवरून घरी घेऊन गेले. वाटभर त्याच आलेखावरून शिव्या घातल्या आणि वडिलांपुढे मात्र "पोरगी हुशार हाय" एवढंच म्हणाले. ते एक वाक्य मी फार वर्षं पुरवून वापरलं.

धातूच्या पातळ थराचं चुंबकत्व विजेच्या दाबाने ताब्यात ठेवायचं, हा माझा विषय. काचेवर कोबाल्टचा थर, त्यावर ऑक्साईडचा. एका पावसाळ्यात ते जमलं. दाब दिला की चुंबकत्व जायचं, उलटा दिला की परत यायचं. मी नाचतच सरांकडे गेले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि चहा पीत ऐकून घेतलं.

"गंज हाय ह्यो. पावसाळी हवेत कोबाल्ट गंजलं, चुंबकत्व जाणारच की. तुझी वीज कुठं आली त्यात?"

"पण सर, उलट्या दाबानं ते परत येतंय. गंज कधी परत जातो का?"

मागे कुणीतरी हसलं. सरांना वाटलं, आपल्यालाच हसलं. त्यांनी कप खाली ठेवला, काच उचलली आणि ओरखडा काढला. दुसऱ्या दिवशी माझा विषय बदलला.

भलत्याच, मिळमिळीत विषयात माझी पीएच.डी. झाली आणि मी गगनबावड्याकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. तिथेच परदेशातल्या लोकांचा लेख वाचनात आला. विजेच्या दाबाने ऑक्सिजन कोबाल्टात शिरतो, उलट्या दाबाने बाहेर पडतो, आणि चुंबकत्व तसंच जातं-येतं. म्हणजे तो गंजच होता, आणि तो परत जात होता. सरही बरोबर होते, मीही.

सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. एकदा तरी "चुकलो" म्हणतील, एवढ्यासाठी मी जाऊन तो लेख त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "त्यात तुझं नाव हाय?"

"नाही, सर."

"मग मला कशाला सांगालीस?"

आठवडाभरात सर गेले. मी मातीला गेले नाही. तासावर गेले, फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतकं रडले.