आबांचा कांदा आणि अख्खा माणूस

आमच्या घरात आजारी कुणीही पडो, लक्षणं मी सांगतो. पेशा मास्तरकीचा, समोरचा गप्प बसला की उत्तर मीच देऊन टाकतो.

आई गेल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोलणं सोडलं. मग जेवणही सुटत चाललं. अर्धी भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा, की उठले! एक माणूस गेलंच होतं, आता दुसरंही निघालं, या धास्तीनं मी त्यांना आमच्या साखरा गावाहून जीपमध्ये कोंबलं आणि हिंगोलीला होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंपुढं बसवलं.

"आम्ही नुसत्या रोगाला नाही, अख्ख्या माणसाला औषध देतो," बाई म्हणाल्या. "आबा, झोप लागते?"

"कुठली झोप! रातभर आढ्याकडं बघतेत," मी म्हणालो.

"भीती कशाची वाटते?"

"आता कोण जाईल, त्याची!"

"रडू येतं?"

"चोरून. मोटारसायकलवर. वाऱ्यानं पाणी आलं म्हणायचं!" (आबांना मोटारसायकल येत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.)

आबा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. बाईंनी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं: कच्चा कांदा, लसूण बंद.

पथ्य म्हणजे पथ्य! मी कांद्याची टोपली कुलपात घातली. अर्ध्या भाकरीची चतकोर झाली. लसणाची चटणी उचलली, तर चतकोरही ताटात राहू लागली.

"आबा, काहून जेवत न्हाई तुमी?"

आबांनी ताट बाजूला सारलं.

"अहो, कांदा द्या की आबांला!" बायको म्हणाली.

"पथ्य हाय!" मी गरजलो.

पुन्हा जीप, पुन्हा हिंगोली. या खेपेला बाईंनी मला बाहेर बाकावर बसवलं. (पेशंट एकटा आत आणि लक्षणं बाहेर!) थोड्या वेळानं आतून आबांचा आवाज आला. ते बोलत होते. बोलतच होते. एकदा तर चक्क हसले! बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. हे बोलणं घरात का नाही झालं?

आबा बाहेर आले आणि गोळ्यांची बाटली माझ्या हातावर ठेवली.

"घे. तुझ्या हायेत."

"माझ्या?"

"बाई म्हणल्या, मागच्या खेपेला सांगितला त्यो माणूस मी न्हवंच."

"अन् तुमचं औषध?"

"मला कांदा खा म्हणल्या."

संध्याकाळी आबांनी बुक्कीनं कांदा फोडला आणि अख्खी भाकरी पुढ्यात ओढली. मी गोळ्या खाऊन, पथ्यानं, बिनकांद्याच्या ताटावर बसलो होतो. मान वर न करता आबा म्हणाले, "गाडीवर रडतो व्हय रे तू? मला काहून न्हाई सांगितलं?"

मी तोंड उघडलं. उत्तरच येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी तसाच, तोंड उघडं टाकून, गप्प बसलो.

चुलीपासून बायको ओरडली, "आबा, आला बघा गोळ्यांला गुण!"