मामाजींची चिमूट

आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, डोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. भाजी असो, लुगड्याचा पोत असो की पोराचा ताप, सगळं बोटांनी बघायचे. जन्मभर तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये कापूस चिमटीत धरून पारखलेला माणूस. निवृत्त होऊन अकोल्याला आमच्याकडे आले आणि त्यांना गळ टाकायचा नाद लागला. घर माळकरी, मासा उंबरा ओलांडणार नाही. काटेपूर्णा धरणावर धरलेला मासा ते तिथेच कोणाला तरी देऊन टाकत. सासूबाई म्हणत, "खायाचा नाई तं धरता कायले?" मामाजी नुसते हसत.

खरा नाद रीळ भरण्याचा. तंगूस, म्हणजे गळाचा तो केसासारखा बारीक नायलॉनचा दोरा, रिळावर चढवायचा असला की मला हाक. पेन्सिलीत ओवलेली दोऱ्याची गुंडी मी धरायची. मामाजी उजव्या हाताने रीळ फिरवणार आणि डाव्या चिमटीतून दोरा ताणून घेणार. "ढिली नको सोडू, सूनबाई. सैल भरला तं मोठा मासा ओढते तवा वरचा दोरा खालच्यात फसते." बाकीचे लोक दोरा ओल्या फडक्यातून घेतात. पण फडक्यातून दोऱ्यावरची खरचट कळत नाही, आणि दोरा तिथेच तुटतो, हा त्यांचा हट्ट.

साखरेचा आजार जुना. बोटं बधिर होत चालल्याचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही, बहुतेक स्वतःलाही नाही. एका दुपारी भरता भरता रिळावरचा पांढरा दोरा लाल दिसायला लागला. मामाजी थांबले आणि माझे हात बघू लागले. "तुले लागलं काय?" मी त्यांच्या चिमटीकडे बोट दाखवलं. तंगूस तर्जनीत पार आत गेला होता. "मले तं काईच दुखून नाई राहिलं," ते म्हणाले. ते घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

जखम चिघळली. तर्जनी काढावी लागली, मग अंगठाही. दुसऱ्या कोणी गळ माळ्यावर टाकला असता. मामाजींनी मला रीळ भरायला बसवलं आणि दोरा त्यांच्या ओठांवरून न्यायला सांगितला. "ओठाले समजते अजून." सत्तरी उलटलेला माणूस ओठांत दोरा धरून डोळे मिटून बसायचा. सासूबाईंना ते बघवत नसे, त्या आत निघून जात. पण खरचट ते अचूक सांगत, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवत.

हिवाळ्यात अर्धांगाचा हलका झटका आला. तोंड जरासं वाकडं झालं, बोलणं शाबूत राहिलं. दुपारी दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी आधी रीळ मागितलं. मी दोरा सावकाश ओढत होते. एक जागा चांगलीच खरचटलेली होती, मला नुसत्या डोळ्यांनी दिसली. ती त्यांच्या ओठांवरून निघून गेली.

"चांगला हाय," मामाजी म्हणाले.

 मी कात्री घेतली आणि तेवढा दोरा कापला. आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले.

"खराब होता?"

"हो, मामाजी."

"मंग ठेवून दे."

त्यांनी मनगटाने तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळून निजले.

लोक म्हणतात मामाजी उन्हाळ्यात गेले. मी त्यांना हिवाळ्यातल्या त्या दुपारीच जाताना पाहिलं.