एक जूनच्या मुली

शाळेच्या जिन्याखाली एक लाकडी फलक आहे. जिल्हा पातळीवर पोचलेल्या संघांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत. मुलींच्या खो-खोच्या रकान्यात अकरा नावं आहेत आणि खाली लिहिलंय : उपविजेता. तेव्हा खो-खोचा संघ बारा जणींचा असे. नऊ मैदानात, तीन राखीव. हा फलक रोज शेकडो मुलं आणि पन्नासेक शिक्षक पाहतात. बारावी मुलगी कुठे गेली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

शाळा अंबरनाथची, नगरपालिकेची. यंदा तिचा हीरक महोत्सव आहे. स्मरणिकेतलं ‘आपली क्रीडा परंपरा’ हे प्रकरण माझ्याकडे आलं, कारण मी इथली माजी विद्यार्थिनी आणि माझी उभी नोकरी वर्तमानपत्रात गेलेली. सूचना स्पष्ट होत्या. चार पानं, जुने फोटो, आणि शेवट खेळाच्या सरांच्या सत्कारानं. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ‘क्रीडामहर्षी’ म्हणायचं ठरलंय.

इतिहास लिहायला अवघड नाही. पत्र्याच्या दोन खोल्यांत शाळा सुरू झाली. बुवापाड्यातली, मोरिवलीतली, कारखान्यांत जाणाऱ्यांची मुलं तिथे आली. मागचं मैदान म्हणजे भाताचं खाचर होतं. त्याचे बांध मुलांनीच शनिवारी सकाळी फोडून जमीन सपाट केली. सर आले तेव्हा शाळेत एक फुटबॉल होता आणि तोही फुटका. खो-खोला दोन खांब पुरतात, म्हणून त्यांनी खो-खो निवडला. मुलींना अनवाणी पळवलं, घरोघरी जाऊन आयांच्या परवानग्या आणल्या. हे सगळं खरं आहे आणि मी ते लिहिलं. आज त्या मैदानात पेव्हर ब्लॉक आहेत, एका कोपऱ्यात सिमेंटचं स्टेज आहे. खांब कापलेत. त्यांचे बुंधे ब्लॉकच्या मधून दोन बोटं वर आलेले दिसतात. हेही लिहिलं.

मग मी बाराव्या मुलीबद्दल लिहिलं.

आधी एक जून सांगायला हवा. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जून आहे. घरी बाळंतपण झालेलं, तारीख कुणी टिपून ठेवलेली नसायची. शाळेत नाव घालायला आई आली की गुरुजी मुलाकडे बघायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे, आणि कान हाताला लागला की जनरल रजिस्टरमध्ये एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. माझीही तारीख तीच. आमच्या संघातल्या नऊ जणी एक जूनच्या होत्या.

बारावी मुलगी बुवापाड्यातली. माझ्याच बाकावर बसायची. तिला एक मोठी बहीण होती, दोन वर्षांनी मोठी. आई कारखान्यात पॅकिंगला जायची, त्यामुळे धाकटीला सांभाळायला मोठी घरी राहायची. धाकटी कान धरण्याइतकी झाली तेव्हा आईनं दोघींना एकाच सकाळी शाळेत आणलं. गुरुजींनी मोठीची जन्मतारीख अंदाजानं लिहिली आणि खालच्या ओळीत धाकटीच्या नावापुढे तारखेच्या जागी दोन टिंबं दिली. म्हणजे वरीलप्रमाणे. धाकटीचं डोकं जेमतेम मोठीच्या खांद्याला लागत होतं, पण कागदावर त्या जुळ्या झाल्या. शाळेतली मुलं तिला चिडवायची, “ए टिंबटिंब!” शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती.

दहावीत आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला उल्हासनगरला गेलो. ती कर्णधार होती. तोपर्यंतच्या एकाही सामन्यात ती दोन मिनिटांच्या आत बाद झाली नव्हती. सामन्याआधी समोरच्या शाळेचे सर टेबलापाशी आमची यादी घेऊन उभे राहिले.

“काय हो सर, तुमच्याकडे पोरी काय हंगामी पिकतात? सगळ्या एक जूनच्या?”

टेबलावरचे सगळे हसले. आमचे सरही हसले. मग त्या सरांनी रजिस्टरचा उतारा मागितला, आणि आमच्या सरांचं हसणं थांबलं. संघाच्या अर्जात त्यांनी स्वतःच्या हातानं कर्णधाराचं वय पंधरा लिहिलं होतं. रजिस्टरप्रमाणे ती सतराची होत होती आणि गट सतरा वर्षांखालचा होता. म्हणजे अर्ज खरा होता आणि रजिस्टर खोटं. पण शिक्का रजिस्टरवर होता.

पंचांनी मार्ग काढला. त्या मुलीला बसवा, शाळेचं खुलासापत्र द्या, सामना होऊ दे. सरांनी कागद मागवला. माझं अक्षर चांगलं होतं, शिवाय मी राखीव. त्यांनी सांगितलं, मी दोन प्रती लिहिल्या, एक पंचांना, एक शाळेला.

“सदर विद्यार्थिनीने आपल्या वयाबाबत शाळेची दिशाभूल केली. शाळेचा यात कोणताही दोष नाही.”

‘दिशाभूल’चा ‘भू’ दीर्घ की ऱ्हस्व, एवढंच मी विचारलं. दुसरं काही विचारलं नाही. ती माझ्या शेजारी उभी होती, गुडघ्याला पट्टी बांधत. तिनं वाचलं. मग पट्टी सोडली आणि माझ्या हातात दिली.

“रडतेस कशाला? तुझा तर नंबर लागला ना. जा, पळ.”

तिच्या जागी मी उतरले. सामना आम्ही एका गुणानं हरलो. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ते पत्र सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं गेलं, इतरांना धडा म्हणून. ती पुन्हा मैदानात आली नाही. परीक्षेपुरती शाळेत आली, नंतर तेवढीही नाही.

यंदा मार्चमध्ये कारकुनानं क्रीडा विभागाची फाईल काढून दिली. पत्र होतं. कागद पिवळा पडलाय, अक्षर माझं आहे, सही सरांची. मी जनरल रजिस्टरही मागितलं. ती दोन टिंबं अजून तिथे आहेत. प्रकरणात मी एवढंच लिहिलं की, नाव दाखल झालं तेव्हा ही मुलगी सहा वर्षांची होती. सहा वर्षांच्या मुलीनं शाळेची दिशाभूल केली, असं शाळेचं अधिकृत म्हणणं आहे आणि ते अद्याप मागे घेतलेलं नाही. एकही विशेषण वापरलं नाही.

मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला.

“ताई, छान लिहिलंय. पण हे शेवटचं पान... स्मरणिका आहे हो ही. चौकशी अहवाल नाही.”

“यातलं चुकीचं काय आहे?”

“चुकीचं नाही म्हणत मी. सर आता थकलेत. सत्काराला घरचे येणार त्यांच्या. त्यांना कसं वाटेल?”

“आणि तिला?”

“त्या बाईंना आपण बोलावू की. शाल देऊ. माजी खेळाडू म्हणून. मग तर झालं?”

पत्र आहे तिथेच राहणार, फलकावर अकरा नावं राहणार, प्रार्थनेच्या वेळी जे सगळ्यांनी ऐकलं ते तसंच राहणार, आणि वर एक शाल. मी प्रकरण परत घेतलं. स्मरणिकेत ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं येईल. त्यात ‘अकरा रणरागिणींचा संघ’ असा शब्दप्रयोग आहे, मला मुद्रित दाखवलं गेलं. लिहिणाऱ्याला खो-खो माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी ते वाचून मंजूर केलंय.

ती उल्हासनगरला एका कापडाच्या दुकानात काउंटर सांभाळते. राहायला बदलापूरला. अधूनमधून भेटतो, लग्नकार्यात बोलतो. या विषयावर इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. एका दुपारी मी गेले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक कमी होतं. शाळेला द्यायच्या नव्या पत्राचा मसुदा मी तिच्यापुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की, ते पत्र माझ्या अक्षरात आहे, मजकूर खरा नसल्याचं मला लिहितानाच माहीत होतं, आणि त्यामुळे सदर विद्यार्थिनीवर अन्याय झाला.

तिनं चष्मा लावून वाचलं.

“‘अन्याय झाला’ काय? आपोआप झाला?”

“मग?”

“केला लिही. सरांनी सांगितलं, तू लिहिलंस. दोघांची नावं घाल. आणि ते ‘खरा नसल्याचं’ काढ. खोटं लिही, खोटं. एवढा पेपरात जन्म गेला तुझा.”

मी दुरुस्ती केली. ती उभी राहून बघत होती. तेवढ्यात आतून सिंधी शेठनं हाक मारली, “दीदी, वो लिनन का थान किधर है?” तिनं न वळताच सांगितलं, “ऊपर, लेफ्ट में, साईं.”

“शाल घ्यायला येणार आहेस?” मी विचारलं.

“सत्काराला? त्या माणसाच्या बाजूच्या खुर्चीत बसून?” ती हसली. हसण्यात गंमत नव्हती. “त्यांना सांग, माझं वय सर्टिफिकेटवर अजून चुकीचं आहे. पोरीच्या लग्नात भटजीनं मंत्र म्हटले त्यापेक्षा जास्त वेळा तेच समजावलं मी. ती शाल त्या टिंबांवर घाला म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी मी पत्र शाळेत दिलं. कारकून म्हणाला, याचं काय करू? म्हटलं, आवक क्रमांक टाका आणि जुन्या पत्राला टाचणी लावा. तो मुख्याध्यापिकांच्या दाराकडे बघत राहिला. मी टेबलासमोरून हलले नाही. अर्ध्या तासानं त्यानं शिक्का मारला. फलक बदललेला नाही आणि बदलेल असं मला वाटत नाही. पण ती फाईल यापुढे जो उघडेल त्याला दोन्ही कागद एकाच अक्षरात मिळतील.

पोच दाखवायला दुकानात गेले. तिनं क्रमांक वाचला, पोच घडी घालून गल्ल्याखाली ठेवली. मग मीटरची पट्टी काउंटरवर आडवी ठेवत विचारलं, “त्या दिवशी किती पळालीस गं तू?”

“चाळीस सेकंद.”

“चाळीस.” तिनं मान हलवली. “आणि एका गुणानं हरलो.”

“हो.”

“हे नाही लिहिलंस पत्रात.”

मी पिशवीतून पेन काढलं. तिनं गल्ल्याखालून पोच काढून पुढे सरकवली. त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, तिच्या डोळ्यांदेखत, मी ते लिहिलं.