दोन्ही संघ हरायला उतरले

सकाळी धुकं दाट होतं, तरी मैदानाचा माळी गोलपुढच्या कोवळ्या गवताला पाणी घालत होता. हे गवत या वेळी तुडवलं गेलं तर नोकरी गेली, असं सेक्रेटरीने बजावलं होतं.

दुपारी फुटबॉलचे दोन्ही संघ हरायचे पैसे खाऊन उतरले. स्वतःच्याच गोलमध्ये मारावा तर बिंग फुटणार, म्हणून चेंडू मध्यावरच घुटमळला.

"घ्या ना भाऊ, तुम्हीच मारा!"

"छे, आधी तुम्ही!"

प्रेक्षक शिव्या घालत होते. टाळ्या पिटत होता एकटा माळी.

"मामा, तुम्हालाही पाकीट पोचलं वाटतं?" पंच खेकसला.

"पाकीट कसलं साहेब, गवत वाचलं माझं!"

सामना संपला. मध्यावरची जमीन पार उखणली होती. माळी फावडं घेऊन ती सारखी करायला गेला.