दहा ते सहा, गोदामात

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी फसवलं. वाडीच्या गोदामांच्या रांगेत मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही, आणि त्या मी नागपुरातल्या सर्वांत उत्तम गृहिणीला फसवलं. ही गृहिणी म्हणजे सहा फूट उंचीचा, जाड मिशांचा, गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने अर्धा बहिरा झालेला माणूस. कुकरची शिट्टी आणि लेकराचं रडणं, एवढे दोन आवाज मात्र भाऊजींना दोन घरं पलीकडूनही ऐकू येत. त्यांच्यासारखा स्वयंपाक आणि त्यांच्यासारखं बाळंतपण या शहरात दुसऱ्या कोणी केलं असेल तर तिने समोर यावं. मी पैज लावायला तयार आहे आणि पैज मी हरत नसतो.

आईवडील गेल्यावर मी ताईच्याच घरी वाढलो, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ताईला दिवस गेले तेव्हा बाळंतपण करायला माहेरी कोणी उरलं नव्हतं. भाऊजींनी गिरणीतून महिनाभराची रजा काढली, शेजारच्या एका म्हातारीला ओट्यावर बसवलं आणि तिला विचारून विचारून सगळं स्वतः केलं. बाळाला तेल लावणं, पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, ओव्याची धुरी, बाजेखाली शेक, ताईला हळिवाची खीर. म्हातारी आधी तोंडाला पदर लावून हसली आणि पंधराव्या दिवशी म्हणाली, "हात चांगला हाय गा तुहा. बाईचा जल्म घेता घेता चुकला तू." भाची तीन महिन्यांची झाली आणि गिरणी बंद पडली. ताई कचेरीत कारकून होती. नोकरी तिची उरली आणि घर भाऊजींकडे आलं. ते आलं ते कायमचंच.

पण गिरणी त्यांच्या अंगातून गेली नाही. गिरणीचा खाकी शर्ट घातल्याशिवाय ते चुलीपाशी जात नसत. सकाळचा स्वयंपाक म्हणजे फर्स्ट शिफ्ट, संध्याकाळचा सेकंड. मधल्या वेळात शर्ट खिळ्याला. शिफ्ट सुरू असताना ताई स्वयंपाकघरात शिरली तर ते लाटणं आडवं धरून म्हणत, "डिपार्टमेंटमध्ये येऊ नको वं, अपघात होईन." गुरुवारी साप्ताहिक सुटी. त्या दिवशी घरात चूल पेटत नसे आणि आम्ही कोपऱ्यावरून झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे आणून खायचो. खाताना ते तर्रीचे दोष सांगत आणि दोनदा तर्री मागून घेत. बाजारात मेथीची जुडी ते पानांवरून पाहत नसत, मुळं हुंगून घेत. भाजीवाली ओरडे, "भाऊ, भाजी घेऊन राहिले का सोयरीक करून राहिले?" त्यावर भाऊजी शांतपणे, "सोयरीक एकदा होते, भाजी रोज खा लागते." उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या कुरडया आमच्या गच्चीवर होत. गव्हाचा चीक शिजला की नाही हे ते बोट न लावता, नुसतं पळीवरून सांगत. ज्या बायका त्यांच्याकडून कुरडया शिकल्या, त्यांचे नवरे पानठेल्यावर म्हणत, "बायकोच्या जिवावर जगून राहिला." एकदा मी त्यातल्या एकाची कॉलर धरली. भाऊजींनी मला ओढत घरी आणलं आणि ताटावर बसवलं. "काहून भांडतो गा? त्याच्या घरच्या कुरडया मीच तर शिकवल्या. रोज मलेच खाऊन राहिला तो."

सोळाव्या वर्षी मी शहराबाहेर वाडीला, गोदामांत हमालीला लागलो. पाठीवर पोती घेतली, मग पोती मोजली, मग भाड्याने गोदाम घेतलं, मग विकत. या सगळ्या काळात माझा डबा भाऊजींच्याच हातचा. हे मी विसरलो असं कोणी म्हणू नये. मी जे केलं ते न विसरता केलं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे.

भाचीसाठी अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर. मामा म्हणून बोलणी माझ्याकडे. पोहे भाऊजींनी केलेले. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्यांदा पोहे मागत विचारलं, "मुलीच्या हातचे का?" आम्ही सगळे एका सुरात हो म्हणालो. दाराशी उभ्या भाऊजींची मिशी अभिमानाने हलली. मग ते गृहस्थ म्हणाले, "आणि मुलीचे बाबा काय करतात?"

सौद्यात समोरच्याने प्रश्न विचारला की मी विचार करत नाही, उत्तर फेकतो. त्या सवयीने मी आजवर कमावलं, आणि त्याच सवयीने बोलून गेलो, "वाडीला गोदाम आहे. माझ्यासोबत भागीदारीत." ताईने मान खाली घातली. भाऊजींना नीट ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. ते हळूच म्हणाले, "हो. गोदाम हाय."

आठ दिवसांनी व्याही गोदाम पाहायला आले. मी टेबल आणलं, फिरती खुर्ची आणली, भाऊजींच्या नावाची पाटी लावली आणि खाकी शर्ट काढायला लावून त्यांना पांढरा सफारी चढवला. ते त्या खुर्चीत असे बसले, जणू दाताच्या डॉक्टरकडे आले आहेत. ट्रकच्या भाड्याबद्दल मी बोलत होतो. तेवढ्यात टपरीवरचा चहा आला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि टपरीवाल्याला म्हणाले, "दूध उकळ्याच्या आधी आलं टाकलं ना बे? म्हणून फाटून राहिला." मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. व्याही हसले. लग्न ठरलं आणि झालं.

लग्न झालं तरी खोटं संपलं नाही. व्याह्यांचा फोन कधीही यायचा, "गोदामात आहात का?" म्हणून भाऊजी रोज दहा ते सहा गोदामात बसू लागले. घरी स्वयंपाकाला बाई ठेवली. खाकी शर्ट खिळ्यालाच राहिला. मधल्या सुटीत ते हमालांचे डबे हुंगून मीठमिरचीची दुरुस्ती सांगत, पण पूर्वीसारखा जोर नव्हता.

गेल्या वर्षी भाचीला दिवस गेल्याचं कळलं आणि भाऊजी परत उभे राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यांनी ताईच्या जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवली, लंगोट शिवले. बाजेला नवी सुतळी विणली. टेबलाच्या खणात पावत्यांच्या जागी बाळंतशोपा आणि वावडिंग आलं. डिंकाचे लाडू आधी करून ठेवू नका, अजून वेळ आहे, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "सरावाचे हायेत. हात गेला का पाह्यतो." ते सरावाचे डबाभर लाडू हमालांनी दोन दिवसांत संपवले.

सातव्या महिन्यात भाचीला सोबत घेऊन व्याही बोलणी करायला घरी आले. ताईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्या ताईंना तर उठता येत नाही. बाळंतपण कोण करणार?"

शेजारच्या खुर्चीत भाऊजींनी तोंड उघडलं. मी ते पाहिलं. भाचीनेही पाहिलं. आणि मी फेकलं उत्तर, "खरं आहे. आमच्याकडे करायला कोणी नाही."

त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

बाळंतपण अमरावतीला झालं. मुलगा झाला. बारशाला आम्ही गेलो. गोदामवाले आजोबा म्हणून भाऊजींना बाहेरच्या खोलीत पुरुषांच्या रांगेत सोफ्यावर बसवलं. आत बाळ रडायला लागलं. भाऊजी पुढे सरकले, पुन्हा मागे टेकले. "पोट दुखून राहिलं त्याचं," ते स्वतःशीच म्हणाले. "बेंबीपाशी हिंग लावा म्हणा." मी म्हटलं, "गप बसा, भाऊजी."

थोड्या वेळाने पडदा सरकवून जावई बाहेर आला. खांद्यावर बाळ, हातात ओलं दुपटं, शर्ट भिजलेला. व्याही छाती फुगवून म्हणाले, "आमचा पोरगा सगळं करतो बरं. दोन महिने रजा घेतली. आंघोळ, तेल, शी-शू, सगळं." सोफ्यावरच्या पुरुषांनी वा वा केलं. एकाने मोबाइलवर फोटो काढला.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहून भाऊजींकडे बोट दाखवत ओरडलो की यात फोटो काढण्यासारखं काय आहे, हा माणूस तीस वर्षं हेच करत आला, तेव्हा पानठेल्यावर काय काय ऐकलं ते विचारा याला! व्याही शांतपणे म्हणाले, "माहीत आहे आम्हाला. लग्नाआधीच चौकशी केली होती. पोहे कोणाच्या हातचे, तेही तेव्हाच कळलं होतं. तुम्हालाच लाज वाटत होती, म्हणून आम्ही विषय काढला नाही."

भाऊजी सगळं ऐकत होते. त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी बाळाला घ्यायला हात पुढे केले आणि तेवढ्यात ते जावयाच्या खांद्यावर झोपलं. हात तसेच मांडीवर परत आले.

परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "पोराचा हात चांगला हाय गा. मान बरोबर धरते." दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता खोटं संपलं, गोदामात येऊ नका, खाकी शर्ट घाला. तरी ते आले. साडेदहाला टपरीचा चहा आला, तो त्यांनी काही न बोलता पिऊन टाकला. आजही येतात. शिवलेली दुपटी एका खोक्यात भरून त्यांनी वरच्या फळीवर ठेवली आहेत, माल असतो तशी, बाहेर चिठ्ठी लावून.

मी फसवलं, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं आहे. माझं मी निस्तरीन. पण व्याहीबुवा, तुम्हाला सगळं माहीत होतं. बाळंतपण करणारा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला होता, त्याचे हात तुम्हाला पोह्यांपासून ठाऊक होते. मग कोण करणार, हा प्रश्न तुम्ही मला का विचारला? एकदा मान वळवून त्यांना का नाही विचारला? याचं उत्तर पाहिजे. ते मला देऊ नका, त्यांना द्या. येऊन, समोर बसून द्या. ते दहा ते सहा गोदामात असतात.