काकांचं राहिलेलं मत

लोकशाहीवर जिवापाड प्रेम करणारा, आणि लोकशाहीने ज्याच्याकडे जन्मभर ढुंकूनही पाहिलं नाही, असा माणूस मी एकच पाहिला : कुवेतच्या सलवा भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका. मूळचे नाशिकचे. डिप्लोमा हातात पडला आणि एकविसावं लागायच्या आत ते बोटीने कुवेतला आले. तेव्हा आपल्याकडे एकविसाव्या वर्षाशिवाय मत नव्हतं. पुढे वय झालं, पण तिकडचं मतदान नेमकं यांची सुट्टी संपल्यावर नाहीतर सुट्टी लागायच्या आधी. इथे तर आपण परके, अकाम्यावर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, राहणाऱ्याला मत कोण विचारतो? थोडक्यात, काकू गेल्या, केस गेले, साठी आली, तरी काकांनी आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. हे ते लोकांच्या घरी अशा सुरात सांगत, की ऐकणारीने मुकाट्याने चहाचा दुसरा कप आणावा.

पण निवडणुकांचं वेड म्हणाल तर विचारू नका. भारतात मतमोजणी असली की अहमदी गावातल्या ऑफिसात काकांची पाठ हमखास धरायची आणि रजा पडायची. अमेरिकेचा अध्यक्ष निवडायचा असला तरी हे टीव्हीसमोर अर्धी दाढी करून बसलेले. आणि कुवेतची निवडणूक म्हणजे तर दिवाळीच! इथले उमेदवार मोठाले तंबू ठोकतात, गालिचे अंथरतात, येईल त्याला कॉफी पाजतात आणि मटण-भाताची परात पुढे करतात. काका इस्त्रीचा सफारी चढवून एकूण एक तंबूत जात, शाकाहारी असल्यामुळे फक्त खजूर खात आणि प्रत्येक उमेदवाराचा हात हातात घेऊन "माझं मत तुम्हालाच" असं सांगून येत. मी एकदा म्हटलं, "अहो काका, तुम्हाला मत कुठंय?" तर म्हणाले, "नाही ना? म्हणून तर सगळ्यांना देता येतं, सूनबाई."

आता राहिलं आमचं इथलं मराठी मंडळ. तिथे अध्यक्षपदावर एकच गृहस्थ इतकी वर्षं होते, की त्यांची बायकोसुद्धा त्यांना 'अध्यक्ष'च म्हणायची. वार्षिक सभेत बटाटेवडे संपत आले की कोणीतरी म्हणायचं, "मग यंदाही अध्यक्षच ना?" टाळ्या. झाली निवडणूक. काका वड्याकडे बघत नुसते उसासे टाकत. पण त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. काकांच्या निवृत्तीचा हुकूम आला, म्हणजे उन्हाळ्यात गाशा गुंडाळणं आलं. आणि कुवेतात बायकांना मताचा हक्क मिळाला. ती बातमी काकांनी जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवली. तेव्हाच आमची लेक पुण्याहून शिकून परत आली होती आणि कुवेत सिटीत बँकेत लागली होती. जेवता जेवता ती म्हणाली, "बट व्हाय इज इट ऑलवेज हिम?"

काकांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "उभी राहतेस?"

"मी? काका, मला मराठीत स्पीचसुद्धा देता येत नाही."

"त्यांना तरी कुठे येतं? आपण टाळ्या वाजवतो म्हणून थांबतात."

आमचे हे मंडळाचे खजिनदार. ते म्हणाले, "पोरखेळ आहे नुसता. आपल्या घराचं मत अध्यक्षांना जाणार." कारण मंडळाचा नियमच तसा होता, एका कुटुंबाला एक मत. उमेदवार आमच्या घरची आणि आमच्या घराचं मत दुसऱ्याला, आता बोला! काका मात्र हरखले होते. जायच्या आधी एकदा तरी मत द्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि एकट्या माणसाचं कुटुंब असल्यामुळे त्यांचं मत नि:संशय त्यांचंच होतं.

प्रचाराला काकांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या, कुवेती थाटात. परातीत साबुदाण्याची खिचडी. ज्येष्ठ मंडळी आली, दोनदा वाढून घेतलं, ढेकर दिली आणि "अध्यक्षांना नमस्कार सांगा" म्हणून निघून गेली. मग पोरांनी सूत्रं हातात घेतली. मंडळाचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारी ही पोरं, पण आता दिवसभर मोबाइलवर टकटक करत होती. त्यांचा काकांना एकच प्रश्न : "अंकल, फॅमिलीचं मत द्यायला यायचं कोणी?" काकांनी नियम काढून पाहिला. कोणीही एकाने यावं, इतकंच होतं.

निवडणूक अधिकारी दोन्ही बाजूंनी काकांनाच केलं, दुसऱ्या कोणाला नियम माहीतच नव्हते. शुक्रवारी पाच ते सहा, शाळेचा हॉल. "मी शेवटी मत देणार," ते म्हणाले. "घरच्या कार्यात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो." सूचनेत त्यांनी 'पाच म्हणजे पाच' असं लिहिलं. पुरुष मंडळी हसली. मंडळाचे पाच म्हणजे साडेसहा, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक!

आमचे हे दुपारचे आडवे झाले आणि खाली हॉर्न वाजला. पोरं गाड्या घेऊन घरोघर फिरत होती. नवऱ्याची झोप झाल्याशिवाय ज्या कधी कुठे पोचल्या नाहीत त्या बायका पाचच्या ठोक्याला ठेवणीतल्या साड्या नेसून रांगेत उभ्या होत्या. काका प्रत्येकीच्या बोटाला दौतीतली शाई लावत होते, आणि लावता लावता त्यांचेच दोन्ही हात निळे झाले. मी मत कोणाला दिलं ते सांगणार नाही, गुप्त असतं. पण मी तिची आई आहे.

सहाला थोडा वेळ असताना एक आजी आल्या, गुडघ्यांनी अधू. काका खाली धावले, हाताला धरून एकेक पायरी त्यांना वर आणलं. आजींनी मत टाकलं आणि घड्याळात सहा वाजले. काकांनी पेटीला कुलूप घातलं.

मग पुरुष आले, आमचे हे सगळ्यांत पुढे. "अहो, मंडळात वेळेवर कोण येतं?"

"बायका," काका म्हणाले.

मोजणी झाली, आमची लेक दणदणीत निवडून आली. हॉलमध्ये जो जल्लोष झाला म्हणता! अध्यक्षांनी दिलदारपणे तिला हार घातला आणि मागे वळून विचारलं, "पण आमच्या घरचं मत कोणी दिलं?" त्यांच्या बायकोने निळं बोट पदराखाली घेतलं. तेवढ्यात लेकीला काकांच्या खिशात मताची चिठ्ठी दिसली, कोरी.

"काका, टाका ना. कोण काय म्हणणार आहे?"

"टाका हो," अध्यक्षही म्हणाले. मी तर हातच जोडले.

"सहा वाजून गेले," काका म्हणाले आणि चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती परत खिशात ठेवली. हसत होते, पण माझ्याकडे बघेनात. मला फार वाईट वाटलं.

नव्या अध्यक्षांनी पहिला ठराव केला, प्रत्येक सज्ञान माणसाला स्वतंत्र मत. त्या ठरावानंतरची निवडणूक व्हायच्या आधीच काका नाशिकला गेले.

नाशिकला मतदान झालं त्या दिवशी त्यांचा फोन आला. "दिलं गं सूनबाई, दिलं!" आवाज असा, की मला वाटलं लॉटरीच लागली. मी विचारलं, कोणाला? "गुप्त असतं ते." मी हसले. "तासभर रांगेत होतो गं," ते म्हणाले. "पुढे-मागे एक माणूस ओळखीचं नव्हतं."

मी फोन लेकीला दिला. तिने ऐकून घेतलं आणि अगदी हळू, एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाली, "काका, तुमच्या मागे मी उभी राहायला हवी होते."